हाताने घडवलेला महागडा वस्तरा दाढीसाठी आणि संग्रहासाठी घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की ऑनलाइन दिसलेला 18 हजारांचा, डमास्कस पात्याचा आणि शिसवी मुठीचा हाताने घडवलेला वस्तरा घ्यावा का. रोजची दाढीही त्यानेच करायची आहे आणि पुढे संग्रहही वाढवायचा आहे. असा वस्तरा नाशिकमध्येच बनवून मिळेल का, आणि आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या गंजक्या वस्तऱ्याचं काही होईल का, हेही विचारलंय.

आत्ता घेऊ नका. आधी ट्रंकेतला बाहेर काढा.

मी नाशिकच्या अंबडला टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यांचे साचे आणि हत्यारं बनवतात तिथे, काम करतो. डाय आणि पंच हे पोटाचं, वस्तरे हा नाद. त्यामुळे पोलादाबद्दल जरा जास्तच बोलेन, तेवढं सांभाळून घ्या.

हाताने घडवलेल्या वस्तऱ्यात आपण पैसे मोजतो ते पात्याच्या घासाईचे, हार्डनिंगचे (पोलाद तापवून, बुडवून कडक करण्याचे) आणि शेवटच्या धारेचे. नक्षी आणि मूठ ही वरची हौस. डमास्कस म्हणजे दोन वेगळ्या पोलादांचे थर भट्टीत एकजीव करून नंतर ॲसिडमध्ये उठवलेली लहर. दिसते सुंदर, यात वाद नाही. पण दाढी करते ती धारेची अगदी शेवटची कड, आणि त्या कडेला लहरीचा काडीचाही उपयोग नाही. चांगला कारागीर कोणती दोन पोलादं घेतली हे स्वतःहून सांगतो. दीड-दोन हजारांत मिळणारे 'हॅण्डमेड डमास्कस' वस्तरे बहुतेक वेळा वस्तऱ्याच्या आकाराचे पत्रे असतात. त्यांना कितीही घासा, धार टिकत नाही. 18 हजारांचा तसाच असेल असं मी म्हणत नाही. पण जाहिरातीत सगळे फोटो लहरीचे आणि मुठीचे असतील, पाठीचा आणि धारेचा एकही नसेल, तर मी पुढचं पान उघडणार नाही.

पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड, का बघायची? सुरीला धार लावताना कोन हातानं धरावा लागतो, वस्तऱ्याला तसं नाही. वस्तरा दगडावर सपाट ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात आणि कोन आपोआप ठरतो. म्हणजे पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांचं प्रमाण चुकलं, की नंतर जगातला कुठलाही दगड ते सुधारू शकत नाही. वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. 6/8 म्हणजे साधारण 19 मिलिमीटर. त्याला पाठ 5 मिलिमीटरची असेल तर धारेचा कोन 15 अंशांच्या आसपास येतो, साडेपाचची असेल तर साडेसोळा. हे उत्तम. हौशी कारागीर वजनदार दिसावा म्हणून पाठ 7 मिलिमीटर ठेवतो, आणि कोन जातो 21 अंशांवर. अशा वस्तऱ्यानं पेन्सिल छान तासली जाईल. तेव्हा विक्रेत्याला दोनच मापं विचारा, पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी. जो व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावून उत्तर देईल त्याच्याशी पुढे बोला.

दुसरी गोष्ट पात्याच्या पोकळपणाची, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजू किती खोलगट घासल्या आहेत याची. पूर्ण पोकळ घासलेलं पातं धारेजवळ इतकं पातळ असतं की नखावर हलकं दाबलं तर लवताना दिसतं, आणि दाढी करताना त्याचा बारीक आवाज ऐकू येतो. जर्मनीतल्या सोलिंगनमध्ये ही घासाई दोन चाकांच्या मधे पातं धरून करतात आणि त्या हातकामाला पिढ्यांचा सराव आहे. पाव पोकळ किंवा जवळजवळ पाचरीसारखं पातं जड असतं. ते आवाज करत नाही, पण राठ दाढीवर अडखळतही नाही. आपल्याकडच्या दाढ्या बघता मला अर्धं पोकळ पातं बरं वाटतं. टोक मात्र पहिल्या वस्तऱ्याला गोलच घ्या. चौकोनी टोक फोटोत रुबाबदार दिसतं आणि कानाच्या पाळीवर आपली सही करून जातं.

आता नाशिकमध्ये बनेल का? अर्धं काम सहज बनेल. परदेशी कारागीर ज्या ओ-1 आणि 52100 या पोलादांची नावं घेतात, ती आपल्या टूलरूममध्ये ओएचएनएस आणि ईएन-31 या नावांनी रोज हाताळली जातात. पहिलं डायसाठी, दुसरं बेअरिंगसाठी. दोन्हींत कार्बन एक टक्क्याच्या आसपास, वस्तऱ्याला हवा तेवढा. ओएचएनएसची पट्टी 800 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तेलात बुडवायची आणि थंड होताच 180 ते 200 अंशांवर टेंपर करायची (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा हलकं तापवायची), म्हणजे रॉकवेल या कडकपणाच्या मापावर 60 ते 62 मिळतात. सातपूर-अंबडच्या कुठल्याही हार्डनिंगवाल्याला हे सांगावंही लागत नाही.

अडतं ते पुढे. हार्डनिंगच्या आधी धार पातळ केली तर ती तेलात वाकडी होते किंवा चिरते, म्हणून कड जवळजवळ एक मिलिमीटर जाड ठेवून पाठवायची आणि खरी घासाई कडक झालेल्या पोलादावर करायची. तिथे गरम होऊ दिलं की संपलं. कडेवर पिवळसर छटा आली म्हणजे टेंपरची हद्द आली, निळी आली म्हणजे त्या जागेचा कडकपणा गेला. आमच्या सरफेस ग्राइंडरवर सपाट कामं होतात. वस्तऱ्याची पोकळी काढायला छोट्या चाकाचा बेल्ट ग्राइंडर लागतो, दर हाताला पाण्यात बुडवण्याचा धीर लागतो, आणि दोन्ही बाजू सारख्या उतरवणारा हात लागतो. कोयता आणि विळा घडवणारे आपले लोहार त्यांच्या कामात पक्के आहेत, पण त्यांची धार वेगळ्या कामाची. मी ओएचएनएसच्या पट्टीतून वस्तरे केले आहेत. पाव पोकळ, जाडसर, दाढी व्यवस्थित होते. सोलिंगनच्या जुन्या पात्याशेजारी ठेवले की मात्र कोण शिकाऊ हे लगेच कळतं. तुम्हाला स्वतः करून बघायची खाज असेल तर नाशिकसारखी जागा नाही. नुसता तयार हवा असेल तर इथे शोधत फिरू नका.

आता ट्रंकेतला. पातं उजेडात धरा आणि मुठीजवळच्या जाड भागावरचा शिक्का वाचा. जुने वस्तरे बहुतेक इंग्लंडमधल्या शेफिल्डचे किंवा सोलिंगनचे. शेफिल्डच्या कारखान्यांपैकी जोसेफ रॉजर्सचा शिक्का म्हणजे चांदणी आणि माल्टीज क्रॉस (आठ टोकांचा क्रूस), वॉस्टनहोमचा आय-एक्स-एल (IXL). देशाचं नाव कोरलेलं असेल तर वस्तरा बहुधा 1891 नंतरचा, कारण अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ली कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि कारखाने तसे शिक्के मारू लागले. नाव नसलं म्हणजे त्याआधीचाच, असं मात्र धरू नका.

मग गंज बघा. पाठीवरचा आणि मधल्या भागातला काळा डाग हे वयाचं लक्षण आहे, राहू द्या. धारेवर खोल खड्डे असतील तर अवघड. चीर शोधायची युक्ती अशी: धारेला पातळ तेल लावून कोरडं पुसा आणि थोडा वेळ थांबा. चीर असेल तर तिच्यातून तेलाची बारीक रेघ परत वर येते. चिरलेला वस्तरा दाढीला वापरायचा नाही, मग तो आजोबांचा असो की पणजोबांचा.

आणि कृपा करून तो भांडी पॉलिश करणाऱ्याकडे नेऊ नका. भांडी बाजारात पितळेला चकाकी आणणारं चाक वस्तऱ्याच्या कडेला दोन मिनिटांत तापवून मऊ करतं, वर शिक्का आणि सोनेरी नक्षी पुसून जाते ती वेगळीच. बारीक वॉटर पेपर, तेल आणि बोटं एवढंच वापरा. मूठ पांढरी असेल तर ती बहुतेक हाडाची किंवा सेल्युलॉइडची (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची) असते. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेनं पातं गंजतं, आणि शेजारी ठेवलेले वस्तरेही गंजतात. ते वेगळं ठेवा. हस्तिदंताची निघाली तर विकायला किंवा बदलायला काढू नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली हस्तिदंताचा व्यवहार गुन्हा आहे. हेच परदेशातून जुना वस्तरा मागवतानाही लक्षात ठेवा.

संग्रह आणि रोजची दाढी यांचं फार जमत नाही. दगडावर प्रत्येक वेळी पाठ आणि धार दोन्ही झिजतात. वापरायचे एक-दोन वस्तरे वेगळे काढा, ते निःसंकोच झिजू द्या, आणि बाकीच्यांना फक्त तेलाचं बोट लावा.

आता ज्याच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत तो चामड्याचा पट्टा. वस्तरा घेणारे दहातले नऊ इथेच सोडून देतात. दगड वर्षात मोजक्या वेळा लागतो, पट्टा प्रत्येक दाढीआधी. 18 हजारांतले काही पट्ट्याला आणि दगडाला ठेवा. पट्टा तीन इंच रुंद असावा, म्हणजे अख्खं पातं एकदम बसतं. कोल्हापुरी चपलेला वापरतात तसं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं, गुळगुळीत पृष्ठाचं चामडं मिळालं तर चपला शिवणाऱ्याकडूनही काम होतं. मागे जाड सुती कापड लावून घ्या. आधी कापडावर वीस-तीस फेऱ्या, मग चामड्यावर पन्नास-साठ. पाठ पुढे, धार मागे, आणि वळवताना वस्तरा पाठीवरच फिरवायचा. पाठ उचलली की चामडं कापलं आणि धारही गेली. मला हे एका म्हाताऱ्या नाभिक काकांनी शिकवलं. त्यांचं एकच सांगणं असायचं, परजताना जोर लावायचा नाही, वस्तऱ्याचं वजन पुरे.

दगड म्हणाल तर (आकडा दाण्याचा, जितका मोठा तितका दाणा बारीक) 1000 चा फक्त बिघडलेली कड बसवायला, मग 4000, 8000 आणि जमलं तर 12000. दगडावर धार पुढे, पट्ट्यावर मागे, एवढं डोक्यात पक्कं करा. सुरुवातीला स्वतः दगडाच्या वाट्याला जाऊच नका, धार लावूनच वस्तरा विकणाऱ्याकडून घ्या. 'फॅक्टरी शार्प' म्हणजे दाढीला तयार नव्हे.

आपल्या सलूनवाल्याकडून खरा वस्तरा लावून घेऊ म्हणाल, तर ते दिवस गेले. एचआयव्ही आणि ब प्रकारची कावीळ यांची जाणीव आली तशी सलूनमध्ये अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा आला. कागदातल्या कागदात ब्लेड मोडून अर्धं बसवलेलं तुम्हीही बघितलं असेल. रामकुंडावर क्षौर करणाऱ्यांकडेही आता तोच दिसतो, आणि ते योग्यच आहे. चार-पाचशेच्या आत मिळणारा तसला ब्लेडचा वस्तरा घेऊन आधी हात बसवा. कोन आणि चामडी ताणणं हे दोन्ही तिथे शिकून होतं, फक्त तो खऱ्या वस्तऱ्यापेक्षा जास्त बोचरा असतो. त्याला घाबरलात तर खऱ्याला घाबरायचं कारण उरत नाही. घरातही एक वस्तरा एकाच माणसाचा.

दाढी करताना पहिले काही आठवडे वस्तऱ्यानं फक्त गाल करा; हनुवटी आणि ओठावर नेहमीचा रेझर. अंघोळीनंतर करा, ब्रशनं फेस भरपूर करा. बोअरचं पाणी जड असेल तर फेस पटकन बसतो, तेवढ्यापुरतं पिण्याचं पाणी घ्या. पातं गालाशी साधारण 30 अंशांत, मोकळ्या हातानं चामडी वर ताणलेली, हात केसांच्या दिशेनं. उलटा हात मारायची घाई नको. शेवटी गार पाणी आणि तुरटी. तुरटी जिथे चुरचुरते तिथे जोर जास्त पडला, ती जागा दुसऱ्या दिवशी सोडा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हा नाद तुमच्यासाठी नाही.

पावसाळ्यात वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका. दाढी झाली की धुऊन, टिपून, पट्ट्याच्या कापडावर दोन-चार हात फिरवून कोरडा करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात लावून कपाटात ठेवा. मुठीच्या फटीत पाणी साचतं, तिथे कापडाची कड घालून पुसायची. नाशिकजवळच्या ओझरहून विमानानं जाणार असाल तर वस्तरा चेक-इनच्या बॅगेत. हातातल्या बॅगेत सापडला तर तिथेच ठेवून जावं लागेल.