लाल रेघ राहू दे, आधी अक्षरं बदलणं थांबवा

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजलो: कोथरूडच्या तुमच्या सोसायटीची स्मरणिका तुम्ही वर्डमध्ये टाइप करताय. जुने लेख कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये आहेत, नवे युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे कॉम्प्युटरच्या लेखीही अक्षर मराठीच असतं. शब्दांखाली येणाऱ्या स्पेलिंगच्या लाल रेघांनी डोकं उठलं म्हणून ‘चेक स्पेलिंग ॲज यू टाइप’ची खूण काढलीत. रेघा गेल्या, पण अक्षरं अजून आपोआप बदलतायत.

बदलणारच, कारण ती खूण फक्त रेघांची आहे. अक्षरांत हात घालतो तो ऑटोकरेक्ट, आणि त्याचं बटण वेगळं आहे. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग असं जा आणि सगळ्यात वरचं ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’ उघडा. पहिल्याच पानावर दोन मोठी अक्षरं सुधारणं, वाक्याचं आणि टेबलाच्या चौकटीचं पहिलं अक्षर मोठं करणं, कॅप्स लॉक सुधारणं, टाइप करताना शब्द बदलणं अशा खुणा दिसतील. कृतिदेवचं काम असेल तर सगळ्या काढा, एकही ठेवू नका.

कारण नीट सांगतो, कारण इथेच माणसं फसतात. कृतिदेवमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण वर्डच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात. छोटी ‘यू’ म्हणजे न आणि मोठी ‘यू’ म्हणजे न्. काना ही वेगळी कळ. टेबलाच्या चौकटीत तुम्ही ‘नाव’ टाइप केलंत की वर्ड पहिलं अक्षर मोठं करतो. मग अर्धा न आणि काना मिळून पूर्ण न होतो, आणि कागदावर ‘नव’ उमटतं. तसंच ‘तारीख’ची ‘तरीख’ होते, ‘मान’चं ‘मन’ होतं. ‘स्थापना’ची सुरुवात दोन मोठ्या अक्षरांनी होते. वर्ड दुसरं छोटं करतो, थ् जाऊन तिथे ऱ्हस्व वेलांटी येते आणि शब्दच मोडतो. तो निदान डोळ्याला खुपतो. ‘नव’ आणि ‘मन’ मात्र खरे शब्द आहेत, पटकन वाचताना निसटून जातात.

नारायण पेठेत अक्षरजुळणी करताना माझ्या हातून हे घडलंय. एका आईने गेलेल्या मुलावर लेख लिहिला होता. त्यातले तीन परिच्छेद ‘तो’ने सुरू होत होते. पहिलं अक्षर मोठं करायच्या त्याच नियमाने तिन्ही ठिकाणी ‘ते’ झालं आणि तसंच छापलं गेलं. लेकाला कुठली आई ‘ते’ म्हणेल? अंक हातात घेऊन त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून आमच्याकडच्या प्रत्येक मशीनवर या खुणा काढूनच काम सुरू होतं.

हे सेटिंग त्या कॉम्प्युटरवरच्या वर्डला लागू होतं, फाइलबरोबर जात नाही. लेख दुसऱ्या कुणी टाइप करत असेल तर त्यांच्याही मशीनवर खुणा काढा. एखादा बदल डोळ्यांदेखत झाला तर लगेच कंट्रोल-झेड दाबा, तेवढाच मागे फिरतो. आधी झालेले बदल मात्र खुणा काढून परत येत नाहीत.

युनिकोडमधल्या लेखांना हा धोका नाही, देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतंच. तिथे फक्त ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ या पानावरची आपोआप क्रमांक घालायची खूण काढा. लाल रेघा नको असतील तर मजकूर निवडून रिव्ह्यू, लँग्वेज, ‘सेट प्रूफिंग लँग्वेज’मध्ये ‘डू नॉट चेक’वर खूण करा. मराठीचा शब्दकोश असला तरी ‘पुण्याहूनसुद्धा’, ‘शेजारच्यांनाच’ अशा जोडून येणाऱ्या रूपांवर रेघ येऊ शकते. इतकी रूपं कुठल्या यादीत मावणार? इंग्रजी मजकुरावर मात्र रेघ असू द्या, उपयोगी पडते.

वर्डऐवजी लिबरऑफिस हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर रेघांसाठी शिफ्ट-एफ७, ऑटोकरेक्ट टूल्समध्ये. क्रोममध्ये सेटिंग्ज, लँग्वेजेस, ‘स्पेल चेक’.

आतापर्यंत झालेल्या कृतिदेवच्या पानांची प्रिंट काढा आणि पेन्सिल घेऊन विशेषतः दोन जागा तपासा: प्रत्येक परिच्छेदाचा पहिला शब्द आणि टेबलाच्या प्रत्येक चौकटीतला पहिला शब्द. सभासदांच्या नावांची यादी टेबलात असेल तर ती मूळ वहीशी ताडून, मोठ्याने वाचून घ्या. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं.