गाडी आणि तुम्ही : कूलंटची टाकी गळते, लाल दिवा लुकलुकतो

प्रश्न : माझ्याकडे २००६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आहे, १.९ टीडीआय, दोन लाख किलोमीटरच्या वर चाललेली. हल्ली कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होतंय, गाडीखाली थेंब दिसत नाही पण पंधरा दिवसांत पातळी मिनच्या खाली जाते. कसारा घाटात वळणावर नाहीतर जोरात ब्रेक मारला की लाल दिवा लुकलुकतो, तीनदा बीप होतं, गाडी बंद करून चालू केली की जातो. गॅरेजवाले म्हणतात टाकीला एम-सील लावू आणि सेन्सरची वायर जोडून दिवा बंद करून टाकू, नवी टाकी कशाला. काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी वायरचं सांगतो, कारण ते काम कुणी करायच्या आत थांबवायला हवं. सेन्सरची वायर अजिबात जोडू देऊ नका.

तुमच्या गाडीत सेन्सर म्हणजे टाकीच्या तळाशी आत आलेल्या दोन बारीक पिना. कूलंटमधून एका पिनेकडून दुसरीकडे करंट जातो तोवर मीटर समजतं पातळी ठीक आहे, पिना उघड्या पडल्या की दिवा आणि बीप. घाटात वळणावर दिवा लागतो तो म्हणूनच, पातळी काठावर आहे आणि कूलंट एका बाजूला गेलं की पिना क्षणभर कोरड्या पडतात. म्हणजे सेन्सर बिघडलेला नाही, उलट तो अगदी खरं सांगतोय. आता बाहेरच्या बाहेर वायर जोडली की मीटरला टाकी कायम भरलेलीच वाटणार आणि तुमच्याकडे उरणार फक्त टेंपरेचरचा काटा. या गाडीचा काटा ९० वर चिकटून असतो, थोडं कमीजास्त झालं तरी हलत नाही, आणि कूलंट पार निघून गेलं तर टेंपरेचरचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेलाच राहत नाही, हवेत लटकतो, मग आत इंजिन भाजतंय आणि काटा भलतंच दाखवतोय असं होऊ शकतं. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य भाग, बिडाचा आहे पण त्याच्यावर बसणारं हेड अॅल्युमिनियमचं, तापलं की आधी हेड वाकतं, दोघांमधलं गॅस्केट जातं, आणि त्या खर्चापुढे प्लास्टिकच्या टाकीची किंमत काहीच नाही. दिवा तुमच्या बाजूने आहे, तो जिवंत ठेवा.

एम-सीलचं म्हणाल तर ते लोखंडी पाइपाला छान बसतं, पण या टाक्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि त्या प्लास्टिकला एम-सीलसारखं इपॉक्सी धरतच नाही. थंड गाडीवर पक्कं वाटतं, हाताने ओढलं तरी निघत नाही, पण गाडी गरम झाली की आत दीड बारच्या आसपास प्रेशर येतं, टाकी किंचित फुगते आणि पोपडा सुटतो. प्रेशर लागतंच, कारण एक बार जास्त दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही, टाकी फुटकी किंवा झाकण सैल असेल तर कूलंट फार लवकर उकळायला लागतं. सोल्डरिंग आयर्नने चीर वितळवून बुजवणारेही आहेत, पण जवळजवळ वीस वर्षं तापून पिवळं पडलेलं प्लास्टिक एका जागी सांधलं तर शेजारी तडकतं. आणि हळद किंवा लीक स्टॉपची पावडर तर मुळीच घालू नका, जुन्या गाड्यांच्या रेडिएटरला हळद घालायची पद्धत आहे मला माहितीये, पण इथे ती हीटरच्या बारीक नळ्यांत आणि त्याच दोन पिनांवर जाऊन बसते.

पण टाकी बदलायच्या आधी गळती टाकीचीच आहे ना ते बघा. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना टॉर्च घेऊन टाकीचा मधला जोड, पाइप बसतो त्या नळीचं मूळ आणि खाली कनेक्टर लागतो ती जागा बघा. गरम टाकीवर थेंब टिकत नाही, सुकून जातो, म्हणून तुम्हाला खाली ओलं दिसत नाही, पण मागे गुलाबीसर पांढरी पापडी राहते. कनेक्टर काढा, आत तशीच पापडी किंवा हिरवट गंज असेल तर पिनांच्या मुळातून झिरपतंय. खात्री हवी तर गॅरेजमध्ये हातपंपाचं प्रेशर टेस्टर असतं, ते झाकणाच्या जागी लावून एक-दीड बार प्रेशर द्यायचं आणि दहा-पंधरा मिनिटं काटा उतरतो का ते बघायचं. टाकी कोरडी असून काटा उतरला तर गळती दुसरीकडे. या इंजिनात हेडच्या बाजूला प्लास्टिकचा फ्लँज (पाइप बसतो तो तुकडा) असतो, त्याची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, कडक होऊन तिथून झिरपतं, आणि वॉटर पंप टायमिंग बेल्टच्या आत आहे त्यामुळे त्याची गळती बेल्टच्या बाजूने खाली येते (बेल्टची मुदत जवळ आली असेल तर पंप त्याच वेळी बदलून घ्या, तेच उघडझाप दोनदा कशाला). शेजारच्या सीटखालचा गालिचा ओला, काचेवर गोडसर वासाची वाफ, तर हीटरची जाळी गेली. टाकीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर, ऑइल दुधाळ, यातलं काही दिसलं तर मात्र गाडी चालवू नका, गॅस्केट तपासा.

टाकीच असेल तर काम सोपं आहे, घरी पण होतं. सेन्सर वेगळा मिळत नाही, पिना टाकीतच बसवलेल्या येतात, त्यामुळे टाकी बदलली की सेन्सर नवा झाला. झाकणही नवंच घ्या, त्यातली व्हॉल्व्ह आणि रबर तितकीच जुनी आहेत, नव्या टाकीवर जुनं झाकण म्हणजे अर्धं काम. पहिली ऑक्टाव्हिया २००१ पासून औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला जोडली जात होती, तिकडे ही गाडी नीट ओळखणारे मिस्त्री अजून आहेत, आणि बरेच पार्ट फोक्सवॅगनच्या चौथ्या पिढीच्या गोल्फ गाडीचेच असल्याने बाहेर मिळतात. चासी नंबर सांगून मागवा.

रात्रभर थंड झालेल्या गाडीवरच हात घाला, गरम असताना झाकण उघडलं तर उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं. झाकण काढा, टाकीतलं कूलंट पिचकारीने किंवा पाइपने डब्यात काढून घ्या, टाकीचे स्क्रू सोडा, टाकी जराशी उचलून खालचा कनेक्टर काढा आणि मग दोन्ही पाइप. त्यांच्या स्प्रिंगच्या क्लिपा पक्कडीने दाबून मागे सरकवायच्या, पाइप निघत नसेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, जुना रबर आहे, हाताने पिळून चिकट सोडवा. कनेक्टरच्या आतले काँटॅक्ट बघा, हिरवे झाले असतील तर काँटॅक्ट क्लीनर मारा आणि वायर मुळाशी तुटलेली नाही ना ते बघा.

भरताना जी १२ जातीचं गुलाबी किंवा जांभळट कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, हिरवं त्यात मिसळू नका, गाळ होतो. बोअरचं पाणी तर नकोच, क्षार बसतात. मग हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा, वरचा जाड पाइप मधूनमधून दाबा म्हणजे हवा निघते, रेडिएटरचा फॅन एकदा लागू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये आणा. पुढचे काही दिवस रोज सकाळी बघा.

एक फार महत्त्वाचं. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका, ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजला द्या, सांडलेलं भरपूर पाण्याने धुऊन काढा.

प्रश्न : माझी पण जुनी गाडी याच जातीची. टाकी फुटलेली नाही, पातळी बरोबर मध्ये आहे, तरी दिवा लागतोच. मग सेन्सर गेला ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बहुतेक पिना मळल्यात. टॉर्चने तोंडातून आत बघा, तळाशी दोन टोकं दिसतील, त्यांच्यावर तपकिरी थर असेल तर टाकी काढून कोमट पाणी आणि बाटली धुवायच्या लांब ब्रशने साफ करा. कूलंटऐवजी नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरत आला असाल तर तेही कारण असू शकतं, शुद्ध पाण्यातून करंट फार कमी जातो. तपासण्यापुरतं कनेक्टर काढून वायरीच्या बाजूच्या दोन टोकांना क्षणभर तार लावून बघायला हरकत नाही. दिवा गेला तर वायरिंग ठीक आणि दोष टाकीत, नाही गेला तर वायर किंवा मीटर बघावं लागेल. पण बघून झाल्यावर तार काढा, तशीच ठेवू नका.

प्रश्न : वॅगन आरची कूलंटची बाटली खालून तडकली आहे, हिलाही लगेच बदलायची का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमची गोष्ट जरा वेगळी आहे. मारुतीच्या अशा जुन्या गाड्यांत प्रेशर रेडिएटरच्या झाकणापाशी थांबतं आणि बाटली नुसती साठवणीची, तिच्यावर प्रेशर नसतं, म्हणून तडकली तरी गाडी तिथल्या तिथे अडत नाही. तरी बदलाच, कारण इंजिन थंड होताना रेडिएटर बाटलीतून कूलंट परत ओढतं आणि बाटली रिकामी असेल तर हवा ओढतं. त्यात या गाड्यांना पातळीचा दिवा नाही, त्यामुळे कुणी सांगणार नाही. नवी बाटली येईपर्यंत थंड गाडीवर रेडिएटरचं झाकण उघडून रोज पातळी बघा, आणि त्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा जो आकडा छापलाय त्याच आकड्याचं नवं झाकण बाटलीबरोबर आणा.