‘जॉनर’ला मराठीत काय म्हणायचं : शैली, प्रकार, बाज की जातकुळी?

कराडजवळच्या एका गावात वाचनालय सांभाळणाऱ्या ताईंनी विचारलंय की त्या सगळ्या पुस्तकांची यादी नव्याने कॉम्प्युटरवर चढवतायत, त्यात एका रकान्याचं नाव ‘जॉनर’ (म्हणजे गोष्ट कसली आहे, भुताची, खुनाची, विनोदी वगैरे) असं आहे, तर तिथे मराठीत काय लिहायचं. त्यांनी आधी ‘शैली’ लिहिलं होतं, कारण मोबाईलवर पिक्चर बघायच्या ॲपमध्ये तसंच दिसतं, पण वाचनालयात रोज पेपर वाचायला येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी ते खोडायला लावलं. आणि दुसरा प्रश्न असा की गूढकथा, रहस्यकथा, भयकथा आणि थ्रिलर हे चार वेगळे धरायचे का सगळं एकाच कपाटात टाकायचं.

ताई, गुरुजींचं बरोबर आहे. शैली म्हणजे सांगायची पद्धत. शब्द ‘शील’वरून आलाय, शील म्हणजे स्वभाव, सवय, वळण. संस्कृतात याच्या जवळची कल्पना म्हणजे वामन या काव्यशास्त्रकाराची ‘रीती’, वैदर्भी, गौडी, पांचाली वगैरे, आणि ती सगळी शब्द कसे जोडलेत याबद्दल आहे, गोष्ट कसली आहे याबद्दल नाही. एखाद्या खुनाची गोष्ट कुणी पोलिसांच्या पंचनाम्यासारखी कोरडी लिहील, कुणी पारावर बसून सांगितल्यासारखी ऐसपैस लिहील, शैली बदलली पण गोष्ट खुनाचीच राहिली. म्हणून जॉनरला शैली म्हटलं की खऱ्या शैलीला काय म्हणायचं हा प्रश्न उभा राहतो, आणि आपल्याकडे त्याला दुसरा शब्द नाहीये. माझा अंदाज असा की ॲपवाले हिंदीवरून मराठी करताना तो शब्द तसाच उचलतात. हिंदीत ‘शैली’ तशी चालते, शिवाय त्यांच्याकडे ‘विधा’ हा वेगळा शब्द आहे जो आपण वापरत नाही.

मग मराठी माणूस इतकी वर्षं जॉनर विचारत नव्हता का? रोज विचारत होता. आमची आज्जी पालच्या खंडोबाच्या जत्रेत तंबूतला पिक्चर बघायला जायची, आणि तिकीट काढायच्या आधी तिचा एकच प्रश्न असायचा, “कसला हाय? देवाचा का माणसांचा?” हा ‘कसला’ म्हणजेच तुमचा तो रकाना. आणि उत्तरं पण ठरलेली, देवाचा, भुताचा, मारामारीचा, रडायचा, हसायचा. मराठीला त्या रकान्यासाठी एक भारदस्त नाम लागलंच नाही कारण ‘-चा’ प्रत्यय लावला की काम होत होतं, आणि लिहिताना तेच काम शेवटी ‘कथा’, ‘पट’, ‘नाट्य’ जोडून व्हायचं. भयकथा, विज्ञानकथा, बोधकथा, रूपककथा (जी मराठीत रुजवणारे वि. स. खांडेकर आपल्या सांगलीतच जन्मले, १८९८ साली), संतपट, तमाशापट, चरित्रपट, युद्धपट. नवीन प्रकार आला की नवीन डोकं लावायचं, शेपूट तेच. ही सोय फार मोठी आहे.

आज्जीच्या त्या प्रश्नावर मी पुढे खूप विचार केला कारण नाट्यशास्त्र वाचताना तोच प्रश्न तिथे भेटला. ते लिहिणाऱ्या भरताने रूपकाचे (इथे रूपक म्हणजे रंगमंचावर करायचा खेळ) दहा प्रकार सांगितलेत, नाटक, प्रकरण, भाण, प्रहसन, डिम, व्यायोग, समवकार, वीथी, अंक, ईहामृग. त्यात ‘नाटक’ हे फक्त एका प्रकाराचं नाव आहे हे आपण विसरूनच गेलोय. नाटक म्हणजे ज्याची कथा लोकांना आधीच माहीत आहे आणि नायक राजा किंवा तसाच मोठा माणूस आहे ते, आणि प्रकरण म्हणजे कथा कवीने स्वतः रचलेली आणि नायक ब्राह्मण, अमात्य, व्यापारी असा साधा माणूस. म्हणजे देवाचा का माणसांचा! मराठी रंगभूमीने आणि सिनेमाने जी तीन खणांची मांडणी केली ना, पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक, ती याच वाटेवरची. यातला ‘सामाजिक’ हा शब्द मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो, कारण त्याचा अर्थ समाजसुधारणेबद्दल असा नाहीच मुळी, त्याचा अर्थ ‘ज्यात देव नाहीत आणि राजे नाहीत’ एवढाच. प्रेम असो, सासू-सून असो, दारू असो, सगळं सामाजिक. आता कुणाला सामाजिक कादंबरी म्हटलं की वाटतं काहीतरी हुंडाबळी वगैरे असणार, म्हणून यादीत हा शब्द टाकताना जरा जपून.

सांगलीचा माणूस आहे म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवराचा खेळ केला, आदल्या वर्षी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना तसं काही आपल्या भाषेत करायला सांगितलं होतं, आणि आपण ती तारीख रंगभूमी दिन म्हणून पाळतो. पण त्यांच्या खेळांना तेव्हा ‘आख्यान’ म्हणायचे, कीर्तनातला शब्द. पुढे छापील पुस्तकावरून पाठ करून करायची नाटकं आली तेव्हा लोकांनी त्यांना ‘बुकिश’ नाटकं म्हटलं, आणि मग त्याच्याविरुद्ध जुन्या खेळांना नाव पडलं ‘अललडुर्र’, राक्षस पार्टी आरडाओरड करत यायची त्या आवाजावरून. पौराणिक खेळ संपल्यावर जो छोटा हसवायचा खेळ व्हायचा तो ‘फार्स’. बघा, एक नाव कीर्तनातून, एक इंग्रजी बुकावरून, एक राक्षसाच्या ओरडण्यावरून, एक थेट फ्रेंचमधून इंग्रजीमार्गे. कुणी कमिटी बसवून ठरवलं नाही.

आणि हे फक्त आपल्याकडेच असं नाही. इटलीत मोंदादोरी नावाच्या प्रकाशनाने १९२९ पासून गुन्हेकथा पिवळ्या कव्हरात काढल्या, म्हणून तिकडे गुन्हेकथेलाच ‘जाल्लो’ म्हणजे पिवळी म्हणायला लागले, पुढे तसल्या सिनेमांनाही तेच नाव. (आपल्याकडे ‘पिवळं पुस्तक’ म्हटलं की अर्थ भलताच, त्यामुळे भाषांतर करणाऱ्यांनी इथे सांभाळावं.) ‘फिल्म न्वार’ म्हणजे काळा सिनेमा, हे नाव १९४६ मध्ये फ्रान्समधल्या समीक्षकांनी युद्धानंतर एकदम आलेल्या अमेरिकन गुन्हेपटांना दिलं, ते पिक्चर बनवणाऱ्यांना आपण न्वार बनवतोय हे माहीतसुद्धा नव्हतं. म्हणजे प्रकार आधी आणि गोष्ट नंतर असं बऱ्याचदा नसतं, गोष्टी आधी साचतात मग कुणीतरी लांबून बघून नाव ठेवतं.

आपलं सगळ्यात भारी उदाहरण तर ‘कादंबरी’. बाणभट्टाच्या एका ग्रंथाची नायिका, तिचं नाव ग्रंथाला, आणि ग्रंथाचं नाव मराठीत अख्ख्या प्रकाराला. हिंदीत उपन्यास, गुजरातीत नवलकथा, पण कन्नडमध्ये कादंबरीच. जत भागातल्या लोकांना दोन्ही भाषांत एकच शब्द मिळतो.

बाणभट्टावरून मूळ प्रश्नाकडे येतो कारण खरं उत्तर इथे आहे. संस्कृतात गद्याचे दोन प्रकार मानायचे, कथा आणि आख्यायिका. भामह नावाचा जुना काव्यशास्त्रकार म्हणाला आख्यायिकेत नायक स्वतःची हकीकत स्वतः सांगतो, तिचे भाग पाडायची पद्धत वेगळी, कथेत तसं नसतं, म्हणून हे दोन वेगळे. दंडी हा दुसरा काव्यशास्त्रकार त्याच्या काव्यादर्श या ग्रंथात म्हणतो की सांगणारा कोण आणि प्रकरणांना नाव काय यावरून कसले प्रकार करताय, “तत्कथाख्यायिकेत्येका जातिः संज्ञाद्वयाङ्किता”, कथा काय आणि आख्यायिका काय, जात एकच, नावं दोन. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीचा माणूस जॉनरवर वाद घालतोय आणि त्यासाठी शब्द वापरतोय ‘जाति’. आता मजा बघा, जाति हा ‘जन्’ धातूपासून, जन्म, जंतू, जनक सगळे त्याचेच. आणि फ्रेंच ‘जॉनर’ आलाय लॅटिन ‘गेनुस’पासून, तोही त्याच मूळ धातूचा, अर्थ कूळ, जन्म, प्रकार. म्हणजे दंडीचा शब्द आणि तुमच्या कॉम्प्युटरमधला शब्द हे दूरचे भाऊ आहेत. एवढंच नाही, याच घरातला ग्रीक ‘गेनोस’ अरबीत गेला तिथे ‘जिन्स’ झाला, फारसीतून मराठीत आला तो ‘जिन्नस’. किराणा दुकानात यादी देऊन आपण पाच जिन्नस आणतो तोच. हे कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होतो.

तर अर्थाने सगळ्यात जवळचा शब्द आहे जातकुळी. “या कादंबरीची जातकुळीच वेगळी” असं आपण म्हणतोच, त्यात गोष्ट कुठल्या घरातली, तिचे पूर्वज कोण, कुणाशी तिचा तोंडवळा जुळतो हे सगळं येतं, आणि जॉनर म्हणजे तेच असतं. बोलण्यात, लेखात बिनधास्त वापरा. पण रजिस्टरच्या रकान्यात ‘जात’ लिहून पुस्तकांची वाटणी करू नये असं मला मनापासून वाटतं, आपल्याकडे त्या शब्दाने माणसांचं जे केलंय ते बघता तो रकाना वाचनालयात नकोच.

‘बाज’ पण छान शब्द आहे, पण तो अंगाचा, ढंगाचा आहे, “नाटक सामाजिक पण बाज तमाशाचा” असं म्हणता येतं, यावरूनच कळतं की बाज आणि प्रकार वेगळे. ‘पठडी’ आणि ‘साचा’ यात नापसंती मिसळलेली असते. ‘घाट’ हा समीक्षकांचा शब्द, तो रचनेचा.

राहिला ‘प्रकार’. साधा, सगळ्यांना कळणारा. फक्त ‘साहित्यप्रकार’ किंवा ‘वाङ्मयप्रकार’ लिहू नका कारण ते शब्द कथा, कादंबरी, कविता, नाटक, चरित्र, प्रवासवर्णन यासाठी आधीच गुंतलेत, तुमच्या वाचनालयात तसा रकाना असणारच. जॉनरसाठी ‘कथाप्रकार’ लिहा, सिनेमाच्या सीडी असतील तर ‘चित्रपटप्रकार’. ‘जॉनर’ तसंच देवनागरीत लिहिलं तरी मी भांडणार नाही, पण गावातली पोरं आणि म्हातारी माणसं दोघं ती यादी वाचणार असतील तर कथाप्रकार बरं.

आता ते चार. वेगळेच धरा ताई, मराठीने इथे इंग्रजीपेक्षा बारीक काम केलंय. ‘रहस्य’ हा शब्द ‘रहस्’ म्हणजे एकांत यावरून, एकांतात ठेवलेली गोष्ट, म्हणजे कुणालातरी ती माहीत आहे. म्हणून रहस्यकथेत शेवटी उलगडा झालाच पाहिजे, नाही झाला तर वाचक पुस्तक आपटतो. ‘गूढ’ म्हणजे झाकलेलं, आणि गूढकथेत ते झाकणं उघडलंच पाहिजे असं नाही, उघडलं तरी आत अजून काहीतरी उरतं, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचून झाल्यावर जे खिडकीकडे बघावंसं वाटतं ते हेच. भयकथेचं नाव तर वाचकाच्या अंगावर काय होतं यावरून पडलंय, भरताच्या भयानक रसाशी थेट नातं, त्यात सगळं स्पष्ट असलं तरी चालतं, भूत पहिल्या पानावरच दाराशी उभं असेना का. आणि थ्रिलरमध्ये खुनी कोण हे कित्येकदा सुरुवातीलाच माहीत असतं, प्रश्न असतो आता काय होणार, वेळेत पोचेल का. त्याला थरारकथा म्हणा नाहीतर थ्रिलर म्हणा, दोन्ही मराठीत रुळलेत. ‘सस्पेन्स’ असा वेगळा खण करू नका, सस्पेन्स चौघांतही असतो.

एक अडचण तुम्हाला येणारच म्हणून आधीच सांगतो. हे खण एकाच मापाने पाडलेले नाहीत. ऐतिहासिक हे काळावरून, ग्रामीण हे जागेवरून, विनोदी आणि भय हे भावनेवरून, बाल हे वाचकावरून, दलित साहित्य हे कुणाचा अनुभव आणि कुणाची बाजू यावरून. म्हणून एक पुस्तक तीन खणांत जाऊ शकतं आणि त्यात कुणाची चूक नसते. वाटेगावच्या अण्णाभाऊंची ‘फकिरा’ घ्या, १९५९ची. इंग्रजांच्या काळातली, म्हणून ऐतिहासिक म्हणता येईल, वारणेच्या खोऱ्यातली म्हणून ग्रामीण, आणि दलित साहित्याची चर्चा तिच्याशिवाय होत नाही. तिला एकाच खणात कोंबलं तर उरलेल्या दोन वाटांनी शोधत येणाऱ्या वाचकाला ती सापडणार नाही. तुमच्या कॉम्प्युटरच्या रकान्यात स्वल्पविराम देऊन दोन-तीन शब्द बसत असतील तर तसं करा, नसतील तर ज्याने बनवून दिलंय त्याला सांगून एका रकान्याचे तीन करून घ्या, ‘कथाप्रकार १, २, ३’. कपाटात पुस्तक कुठे ठेवायचं ते पहिल्यावरून ठरवा, आणि ‘फकिरा’चा पहिला कुठला हे गुरुजींना आणि गावातल्या वाचणाऱ्या पोरांना एकत्र बसवून विचारा.