टॅब घेऊ की लॅपटॉप? वाचकांचे प्रश्न

बारावीचे निकाल लागले की या सदराकडे टॅब की लॅपटॉप याच प्रश्नाची रांग लागते. बहुतेक पत्रांत बजेट लिहिलेलं असतं, कंपनी लिहिलेली असते, पण त्या मशीनवर नेमकं काय करायचंय हे "अभ्यासासाठी" किंवा "ऑफिसच्या कामासाठी" एवढ्यावर उरकलेलं असतं, आणि उत्तर द्यायला मला तीच माहिती लागते. वाचणं, व्हिडिओ बघणं, कॉल करणं, पेनाने लिहिणं-काढणं यात टॅबचा हात कोणी धरत नाही. पण तुमच्या कामातलं एखादं काम टॅबवर होतच नसेल आणि ते रोजचं असेल तर टॅब कितीही भारी असला तरी त्याचा उपयोग नाही, म्हणून मी प्रत्येक पत्रात आधी ते एक काम शोधतो.

प्रश्न : नमस्कार सर, माझा मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, सीईटीला बरे पर्सेंटाइल आहेत, पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला मिळेल अस वाटतय. तो म्हणतोय पेनवाला टॅब घेऊ, नोट्स काढता येतात, पीडीएफ वाचता येतात, सगळे मित्र तेच घेतायत. माझा भाऊ म्हणतो लॅपटॉपच घे. बजेट 45 हजार, त्याच्या वर जमणार नाही आणि परत चार वर्ष काही घेता येणार नाही. काय करू? (एक आई, बार्शी)

उत्तर : ताई, लॅपटॉप घ्या. तुमच्या भावाचं बरोबर आहे. मुलाचंही म्हणणं चुकीचं नाही, टॅबवर नोट्स खरंच छान निघतात, पण नोट्स वहीतही निघतात आणि फोनने स्कॅन करून पीडीएफ होते. प्रोग्रॅमिंगचं तसं नाही. ब्राउझरमध्ये ऑनलाइन कंपायलर उघडून पायथनचे छोटे प्रोग्रॅम टॅबवर चालतील, पहिलं वर्ष रेटून नेता येईलही, पण पुढे डेटाबेस, लिनक्स, व्हर्च्युअल मशीन (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा चालवणं), प्रोजेक्ट हे सगळं येतं आणि तिथे टॅब थांबतो. अँड्रॉइडची अॅप्स बनवायचं जे सॉफ्टवेअर आहे, अँड्रॉइड स्टुडिओ, ते खुद्द अँड्रॉइडच्या टॅबवर चालत नाही. शिवाय 45 हजारात चांगला टॅब, वर पेन, वर कीबोर्डवालं कव्हर हे तिन्ही धरलं तर खर्च लॅपटॉपइतकाच होतो आणि हातात येतो तो टॅबच.

आता लॅपटॉप कसा निवडायचा ते नीट सांगतो, कारण या किमतीत फसायला वाव फार. सेलेरॉन प्रोसेसर (कमी ताकदीचा) आणि ईएमएमसी स्टोरेज (मंद चालणारं) असं लिहिलेला लॅपटॉप स्वस्तात मिळतो, तो घेऊच नका. विंडोज 11 ला कागदावर 4 जीबी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज पुरतं, पण तेवढ्यात विंडोज चालू होतं, काम होत नाही. मुलाला निदान 8 जीबी रॅम हवी, आणि 16 मिळाली तर रंग किंवा बारीक जाडी असल्या गोष्टी सोडून द्या आणि 16 घ्या. स्टोरेज 512 जीबीची एसएसडी, म्हणजे वेगवान प्रकारचं. 8 जीबीवरच थांबावं लागलं तर ती पुढे वाढवता येते का हे दुकानातच बघायचं, आणि ते बघणं सोपं आहे. चालू असलेल्या डेमो पीसवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक करा. खाली "स्लॉट्स यूज्ड" अशी ओळ दिसते, तिथे 1 ऑफ 2 असेल तर एक जागा रिकामी आहे. त्याच्याच जवळ "फॉर्म फॅक्टर" लिहिलेलं असतं. तिथे सोडिम असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते, "रो ऑफ चिप्स" असेल तर रॅम बोर्डालाच जोडलेली आहे, ती काढून दुसरी बसवता येत नाही. हे मुलाला करायला सांगा, त्यालाही आवडेल. आणि दुकानदार म्हणाला "वाढते हो नंतर", तर त्याला बिलावर तसं लिहून द्यायला सांगा.

एक विनंती, अॅडमिशन पक्की होईपर्यंत घेऊ नका. कॅप राउंडमध्ये (प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्यांत) ब्रँच बदलते, सिव्हिल किंवा मेकॅनिकलला गेला तर ऑटोकॅडसारखी ड्रॉइंगची सॉफ्टवेअर लागतील आणि मग वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं का हा विचार करावा लागेल. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, त्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

प्रश्न : मी एका टॅक्स कन्सल्टंटकडे काम करते, आता घरून पण काही दुकानांची खाती बघायला सुरुवात केलीय. दुकानात जाऊन बसावं लागत, स्कूटीवर लॅपटॉप घेऊन फिरायला जड पडत, कीबोर्डवाला टॅब घेतला तर चालेल का? टॅली, जीएसटी आणि एक्सेल एवढच असत. (सांगली)

उत्तर : नाही चालणार. तुम्ही "एवढंच" म्हणून जी तीन नावं लिहिलीत त्यातलं टॅली विंडोजवर चालतं, टॅबवर ते इन्स्टॉल होत नाही, ब्राउझरमध्ये रिपोर्ट बघायची सोय आहे पण बघण्याने तुमच्या एन्ट्र्या पडत नाहीत. जीएसटीचं रिटर्न मालकाच्या एकट्याच्या नावावरची फर्म असेल तर ओटीपीवर फाइल होतं, ते टॅबवरही जमेल, पण उद्या एखादी प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी तुमच्याकडे आली की डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावावं लागतं, त्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर आणि सही करायचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरसाठीच असतं. आणि एक्सेलमध्ये तुमच्या सरांनी मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या आज्ञा, बसवलेल्या शीट्स असतील (बहुतेक कन्सल्टंटकडे असतात) तर टॅबवरच्या एक्सेलमध्ये ते मॅक्रो चालत नाहीत.

तुमची खरी अडचण वजनाची आहे, तर 14 इंची लॅपटॉप बघा, दीड किलोच्या आसपास मिळतात. बजेट कमी असेल तर कंपन्यांमधून निघालेले रिफर्बिश्ड (तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकले जाणारे) लॅपटॉप, थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या मालिकांमधले, तुमच्या कामाला चांगले, कीबोर्ड दणकट असतो आणि दिवसभर आकडे टाकणाऱ्याला तो फरक बोटांना कळतो. फक्त इंटेलचा प्रोसेसर आठव्या जनरेशनच्या खालचा घेऊ नका. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 अधिकृतपणे आठव्या जनरेशनपासून पुढेच चालतं. दुकानदार जुन्यावरही 11 टाकून देतो म्हणेल, पण लोकांचे हिशोब आणि पासवर्ड ज्या मशीनवर आहेत तिथे असली जुळवाजुळव नको.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय 74. मुलगी पुण्यात असते, ती म्हणते आई तुला लॅपटॉप घेऊन देते. मला पेपर वाचायचा, नातवाशी व्हिडिओवर बोलायचं आणि जमलं तर शाळेच्या दिवसांबद्दल थोडं लिहायचं आहे. मोबाइलवर अक्षर दिसत नाही. टायपिंग येत नाही. (रत्नागिरी)

उत्तर : बाई, तुम्ही टॅब घ्या, आणि लिहायचं "जमलं तर" नको, ते जमणारच आहे. टायपिंग येत नाही म्हणून अडून राहू नका. टॅबवर गूगलचा जीबोर्ड कीबोर्ड असतो, त्यात मराठी भाषा निवडून माइकचं चिन्ह दाबलं की तुम्ही बोलाल ते मराठीत उमटत जातं. वर्गात शिकवायची सवय असलेल्या माणसाचे उच्चार स्वच्छ असतात, त्यामुळे तुमचं लिखाण बरंच शुद्ध येईल. विरामचिन्हं आणि नावं तेवढी नंतर हाताने दुरुस्त करावी लागतील. त्याच कीबोर्डवर बोटाने अक्षर गिरवूनही लिहिता येतं. लिखाण गूगल डॉक्समध्ये करा म्हणजे ते आपोआप सेव्ह होतं आणि मुलीला पुण्यातून उघडून वाचता येतं, चुका काढता येतात.

साइझबद्दल मात्र मुलीला सांगा, ऑनलाइन फोटो बघून मागवू नकोस. 11 इंची टॅब साधारण अर्धा किलोचा असतो, कव्हर घातलं की आणखी जड, आरामखुर्चीत बसून हातात धरून पेपर वाचायला तो मनगटाला त्रास देतो. एकदा दुकानात जाऊन पाच मिनिटं हातात धरून बघा. मोठाच आवडला तर उभा राहणारं कव्हर घ्या. सेटिंगमध्ये डिस्प्लेत जाऊन फॉन्ट साइझ वाढवली की व्हॉट्सअॅपपासून सगळीकडे अक्षर मोठं होतं, हे दुकानातच करून घ्या. व्हॉट्सअॅप फोनवरचं तसंच ठेवून टॅबलाही जोडता येतं, नवा नंबर लागत नाही. आणि लाइटबिल वगैरे भरायची यूपीआयची अॅप्स फोनवरच राहू द्या, ती बँकेतल्या नंबरचं सिमकार्ड त्याच मशीनमध्ये आहे का ते तपासतात, नुसत्या वायफायच्या टॅबवर ती सुरूच होत नाहीत.

प्रश्न : झेडपी शाळेत शिक्षक आहे, धडगाव तालुका. रेंज कधी असते कधी नसते, लाइटच पण तेच. शाळेत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आलाय. मुलांना व्हिडिओ दाखवायचेत, सोबत निकालपत्रक आणि ऑनलाइन माहिती भरणं. स्वतःच्या पैशाने घेतोय, 20 हजारापर्यंत. टॅब घेऊ का जुना लॅपटॉप? (नंदुरबार जिल्हा)

उत्तर : सर, स्वतःच्या पगारातून वर्गासाठी घेताय म्हणून जास्त काळजीने सांगतो. लाइट आणि रेंज बघितली तर टॅबच सोयीचा वाटतो, पॉवर बँकेवर चार्ज होतो, सिमवाला घेतला की जिथे रेंज येते तिथे नेऊन माहिती भरता येते, सरकारच्या दीक्षा अॅपवरचे धडे आधी डाउनलोड करून ठेवले की वर्गात नेट लागत नाही. पण घोडं अडतं ते प्रोजेक्टरपाशी. स्वस्त टॅबला टाइप-सी पोर्ट दिसतो, दुकानदार एचडीएमआयचं (प्रोजेक्टरला चित्र नेणाऱ्या वायरचं) कनेक्टरही विकतो, पण या किमतीच्या बहुतेक टॅबच्या त्या पोर्टमधून चित्र बाहेर जातच नाही, फक्त चार्जिंग आणि फाइल्स जातात. वायर लावून बसलं तरी पडदा काळाच. जुन्या लॅपटॉपला मात्र एचडीएमआय असतंच बहुधा, आणि निकालपत्रकाचं एक्सेलही त्यावर हाताला येतं. टॅबवर मायक्रोसॉफ्टचं ऑफिस 10.1 इंचापर्यंतच्या स्क्रीनवरच फुकट एडिट करू देतं, त्याच्या वरच्या स्क्रीनला वर्गणी मागतं, हेही लक्षात असू द्या.

त्यामुळे तुम्हाला मी रिफर्बिश्ड लॅपटॉप सांगेन, वर सांगलीच्या ताईंना लिहिलंय त्याच अटींवर, आणि बॅटरी नवी टाकून मागा. बॅटरीची जुनी-नवी तुलना करायला कमांड प्रॉम्प्टमध्ये "पॉवरसीएफजी" स्पेस देऊन "/बॅटरीरिपोर्ट" अशी कमांड (इंग्रजी स्पेलिंगमध्ये, मध्ये दुसरी कुठली स्पेस न देता) टाइप करायची, एक फाइल तयार होते, त्यात "डिझाइन कपॅसिटी" आणि "फुल चार्ज कपॅसिटी" असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर ती बॅटरी लाइट गेल्यावर तुमचा तास पुरा करणार नाही. प्रोजेक्टर मात्र लाइटवरच चालणार, तेव्हा छोट्या इन्व्हर्टरचं शाळा व्यवस्थापन समितीकडे आत्ताच बोलून ठेवा. माहिती भरायला फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला चालतो, आणि दीक्षावरचे व्हिडिओ कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्येही उघडतात, पण तिथे ते चालायला नेट लागतं, म्हणून शहरात जाल तेव्हा शिक्षकांसाठी डाउनलोडला खुले असलेले व्हिडिओ पेन ड्राइव्हवर भरून आणा.

प्रश्न : मी बीएफएला आहे, इलस्ट्रेशन करते. लॅपटॉप आहे माझ्याकडे. त्यावर टॅब घ्यायचाय ड्रॉइंगसाठी, पण बाबा म्हणतात एक असताना दुसर कशाला. (कोल्हापूर)

उत्तर : बाबांना सांग की तुला टॅब नको, पेन टॅबलेट हवाय, ही वेगळी वस्तू आहे. स्क्रीन नसलेली काळी पाटी असते, यूएसबीने तुझ्या लॅपटॉपला लागते, तिच्यावर पेन फिरवलं की रेषा लॅपटॉपच्या स्क्रीनवर उमटते आणि दाब कमी-जास्त केला की रेषा बारीक-जाड होते. चांगल्या टॅबच्या मानाने किंमत बरीच कमी. सुरुवातीला हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे याची सवय व्हायला काही दिवस जातात, तेवढे दे. प्रवासात, बाहेर बसून स्केचिंग करायचं हीच तुझी मुख्य गरज असेल तरच टॅबचा विचार कर, आणि तेव्हासुद्धा रबरी टोकाचं शे-दोनशेचं पेन घेऊन त्यावर ड्रॉइंग करायला जाऊ नकोस, त्याला दाब कळत नाही, ते बोटासारखंच चालतं. तो टॅब कंपनीच्याच दाब ओळखणाऱ्या पेनसकट दुकानात हातात घे, तळहात स्क्रीनवर टेकवून एक लांब रेष ओढून बघ, हाताने डाग पडत असतील तर तो टॅब सोड.