तेरवी झाली, पाहुणे गेले, पुढे काय?

१० सप्टेंबरच्या जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिनानिमित्त या सदरात लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं अशा घरांमधली आहेत, जिथे ही घटना आधीच घडून गेली आहे. "प्रतिबंधाचं ठीक आहे डॉक्टर, आमचा तर गेला. आम्ही काय करायचं?" असं एका वडिलांनी सरळच विचारलं. आजचं सदर या घरांसाठी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. आठ महिने झाले. त्या दुपारी "आई, मी जरा पडतो" म्हणून खोलीत गेला. मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, झोपू दे. आई असून मला कसं कळलं नाही? मिस्टर त्याचं नावसुद्धा काढत नाहीत. त्याचा मोबाईल मी अजून रोज चार्ज करते. (मानेवाडा)

ताई, "जरा पडतो" हे वाक्य घरोघरी रोज दुपारी कोणी ना कोणी म्हणतं. त्या दिवशी तुम्ही त्याचा जो अर्थ घेतला तो कोणत्याही आईनं घेतला असता. शेवट कळला की आपण मागे जाऊन एकेक गोष्ट उकरतो: भाजी कमी घेतली होती, मित्राच्या साखरपुड्याला गेला नव्हता. आज या सगळ्या खुणा वाटतात. तेव्हा त्या परीक्षा जवळ आलेल्या मुलाच्या साध्या गोष्टी होत्या. आजच्या माहितीवर तुम्ही तेव्हाच्या आईवर खटला चालवताय, आणि त्यात आरोपी, वकील, न्यायाधीश तुम्हीच आहात.

एडविन श्नाइडमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आत्महत्येचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलं. त्यांनी दाखवून दिलं, की असह्य मानसिक वेदनेत माणसाचा विचार आक्रसत जातो. एरवी दिसणारे दहा मार्ग दिसेनासे होतात. त्या क्षणी आईची माया त्याच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून ती कमी होती असं होत नाही. 'का?' या प्रश्नाला एकच एक उत्तर सापडणार नाही, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगतो. नैराश्य, अपयशाची भीती, स्वभाव, एखादा ताजा घाव, असं बरंच काही एकत्र येतं. लोक मात्र एकच कारण शोधतात, आणि बहुतेक वेळा ते बाईच्या माथी मारतात. २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. या घरांतल्या सगळ्याच आया बेसावध होत्या असं तुम्ही म्हणाल का?

मिस्टरांचं न बोलणं हे त्यांचं रडणंच असू शकतं. त्यांना "बोला ना" म्हणून धरू नका. त्यांच्यादेखत तुम्हीच सहज नाव काढा: "त्याला सांबारवडी किती आवडायची." ते उठून गेले तरी चालेल, घरात ते नाव वावरू द्या. मोबाईल चार्ज करावासा वाटतो तोवर करा. कोणी "आता पुरे" म्हटलं तर ऐकू नका.

एक गोष्ट मात्र तपासा. सहा महिन्यांहून अधिक काळ लोटूनही रोजची कामं होत नसतील, जेवण-झोप बिघडलेलीच असेल, किंवा कधीही आपणही त्याच्यामागे जावं असं वाटत असेल, तर तो उपचारानं कमी होणारा त्रास आहे. आपल्या नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, आणि मिहानचं एम्स, इथे मानसोपचार विभाग आहेत. पागलखाना चौक म्हणून सगळे ओळखतात तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे दाखवायला गेलं की भरती करून घेतात, ही समजूत कृपा करून मनातून काढा.

प्रश्न : दीर गेले. त्यांची मुलगी सात वर्षांची. सासूबाईंनी तिला सांगितलं, पप्पा बंगलोरला नोकरीला गेले. आता ती विचारते, "पप्पा दिवाळीला येतील तेव्हा माझ्यासाठी कंपास आणतील का?" काय सांगू? (महाल)

खरं सांगा, आणि दिवाळीच्या आधी सांगा. बंगलोरला गेलेला बाप फोन करत नाही, याचा अर्थ ती काय लावत असेल? मी वाईट वागले म्हणून पप्पा बोलत नाहीत. मुलं असंच समजतात. शिवाय ही गोष्ट शेजारपाजारच्या, चाळीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. एक दिवस खेळता खेळता एखादं पोर तिला सांगेल, आणि मग तिचा तुमच्या कोणावरच विश्वास राहणार नाही.

तिच्या आईनं सांगावं, सोबत तुम्ही बसा. शब्द साधे: "पप्पा बंगलोरला नाहीत. ते वारले. त्यांचं शरीर आता काम करत नाही, ते परत येणार नाहीत. आम्ही आधी खोटं सांगितलं, कारण आम्हालाच सांगताना रडू येत होतं." कसे वारले विचारलं तर: "पप्पांच्या मनाला खूप मोठा आजार झाला होता. त्यात त्यांना नीट विचार करता येईना, आणि त्यांनी स्वतःचा जीव घेतला." कशा प्रकारे, ते तपशील सांगायची गरज नाही. लगेच पुढचं वाक्य जोडा, कारण तेच तिला सगळ्यात जास्त ऐकायचं आहे: "यात तुझी काहीच चूक नाही. आणि आई तुझ्याजवळ आहे." "देवाला आवडला", "झोपला" असं म्हणू नका, अशी मुलं मग स्वतः झोपायला घाबरतात.

ती दोन मिनिटं ऐकेल आणि सायकल काढून खेळायला जाईल. तिला कळलं नाही असं समजू नका. तोच प्रश्न ती महिनाभर पुन्हा पुन्हा विचारेल, दर वेळी तेच उत्तर द्या. वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या. सासूबाईंवर रागावू नका, पोटच्या पोराचं मरण नातीला सांगण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. आणि कंपास आणा.

प्रश्न : समोरच्या घरी ही घटना घडली. भेटायला जावं तर काय बोलावं सुचत नाही. (प्रतापनगर)

"काय बोलू कळत नाही, पण मी आहे" एवढं पुरे. कसं झालं, चिठ्ठी होती का, हे विचारू नका. "तरी मला वाटलंच होतं" तर मुळीच नको. "काही लागलं तर सांगा" म्हटलं की कोणी सांगत नाही. त्यापेक्षा "गुरुवारचा डबा माझा" म्हणा आणि गुरुवारी न्या. तेरा दिवस घर भरलेलं असतं. खरी गरज चौदाव्या दिवशी लागते, पहिल्या राखीला, पोळ्याला, त्याच्या वाढदिवसाला. तारीख लिहून ठेवा आणि त्या दिवशी जा.

प्रश्न : भावानं कर्जापायी जीव दिला. वहिनीला पोलिसांनी दोनदा बयानासाठी बोलावलं. लोकं म्हणतात केस होईल. विमा बुडाला असंही सांगतात. (काटोल तालुका)

दादा, अनैसर्गिक मृत्यू झाला की पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, घरच्यांचे जबाब घेतात. १ जुलै २०२४ पासून हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतं. बयानाला बोलावलं म्हणजे वहिनी आरोपी झाल्या असं नाही. त्यांना एकटं पाठवू नका, सोबत कोणीतरी जा. कागदांच्या प्रती जपून ठेवा.

विम्याबद्दल: साधारणपणे आयुर्विमा सुरू होऊन १२ महिने झाले असतील, हप्ते चालू असतील, तर आत्महत्या आहे एवढ्या कारणावर दावा नाकारता येत नाही. १२ महिन्यांच्या आत घडलं असेल तर भरलेल्या हप्त्यांपैकी किमान ८० टक्के रक्कम वारसाला मिळते. पॉलिसीची प्रत घेऊन शाखेत लेखी अर्ज द्या, तोंडी नकारावर परतू नका. शेतकरी आत्महत्येच्या पात्र प्रकरणात राज्य सरकारची १ लाख रुपयांची मदतही आहे. कर्ज थकलं होतं आणि वसुलीचा तगादा होता हे कागदांवरून दिसावं लागतं. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती घेते. तलाठ्याला आणि तहसील कार्यालयात लगेच भेटा.

वहिनी या धावपळीत रडल्याच नसतील. कामं आटोपली की त्या कोसळतील, तेव्हा जवळ राहा.

प्रश्न : माझी मोठी बहीण गेली. मला तिचा राग येतो, आणि राग आल्याची लाज वाटते. कधी कधी रात्री वाटतं, मी पण जावं. घरी सांगितलं तर आई मरेल. (वय २०, हिंगणा रोड)

राग येणारच. तिनं तुला न विचारता, न सांगता तुझं केवढं काय नेलं. राग आणि माया एकाच माणसाबद्दल एकाच वेळी असतात, यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आता महत्त्वाचं. रात्रीचा तो विचार एकटीनं सांभाळू नकोस. जवळचं माणूस असं गेल्यावर मागे राहिलेल्यांना असे विचार येण्याचा धोका वाढतो, हे आम्हा डॉक्टरांना माहीत आहे, म्हणून त्यावर उपायही माहीत आहेत. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या फोन-मदतीचा, क्रमांक फोनमध्ये आत्ता, हे वाचतानाच टाक. केंद्र सरकारची सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री दोन वाजताही लाव. "मला मरावंसं वाटतंय" असं सरळ म्हण. असा विचार सांगितला म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. कोणी प्रयत्न केलेला असला तरी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा त्या माणसाला तीव्र तणावाखाली असलेला मानतो आणि त्याची काळजी घेण्याची, उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.

आईला सांगितलं तर ती मरेल, असं तुला वाटतं. मी अनेक आयांशी बोललो आहे. एक लेक गमावलेल्या आईला दुसरीनं सांगायला हवं असतं. आईला सांगायला जमत नसेल तर मावशी, काका, मैत्रीण, कॉलेजमधल्या मॅडम, कोणालाही आज संध्याकाळपर्यंत सांग. रात्र अवघड जाते ना, मग काही आठवडे एकटी झोपू नकोस. विचार पक्का होत चालला असेल, कसं करायचं हे मनात येत असेल, तर सकाळची वाट पाहू नकोस. १४४१६ लावून तसं सांग, नाहीतर कोणालातरी सोबत घेऊन थेट मेडिकलच्या अपघात विभागात जा. तिथे रात्रीही डॉक्टर असतात.

डॉक्टरांनी नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आठवड्यात सोडून देऊ नकोस. त्या काळात जास्त अस्वस्थ वाटलं तर लगेच डॉक्टरांना कळव. मलाही पुन्हा लिही. आज कोणाला सांगितलंस, तेवढं एका ओळीत कळव.