तुमचे प्रश्न: गोवर आणि शरीराची स्मरणशक्ती

आमच्या चाळीत समोरच्या खोलीतल्या मुलाला गोवर झाला आहे. माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. ती त्यांच्या घरी गेलेली नाही, त्यांच्यापैकी कुणी तिला घेतलेलंही नाही. तरीही तिला लागण होईल का? (मुंबई)

होऊ शकते. गोवराचा विषाणू खोकल्यातून, शिंकेतून बाहेर पडतो आणि हवेत तरंगत राहतो. रुग्ण निघून गेल्यावरही त्या खोलीतल्या हवेतून दोन तासांपर्यंत लागण होऊ शकते. शेजारी मिरची भाजली की आपल्या घरात ठसका लागतो, तसंच हे आहे. स्पर्शाची गरज नाही. त्यामुळे नुसते हात धुऊन भागत नाही. गॅलरीकडचं दार लावून घ्या आणि मागची खिडकी उघडी ठेवा.

शिवाय पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून ते उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत रुग्णाकडून लागण होते. सुरुवातीचे दिवस नुसता ताप, खोकला, वाहतं नाक आणि लाल डोळे यांतच जातात, घरच्यांना ती सर्दी वाटते. २०२२च्या अखेरीस गोवंडीसारख्या दाट वस्तीत गोवर पसरला, त्यामागे हे एक कारण होतं. दुसरं कारण चुकलेल्या लसी.

तुमच्या मुलीचा संपर्क येऊन ७२ तास झाले नसतील तर लस अजूनही उपयोगी पडू शकते, म्हणून आजच आरोग्य केंद्रात जा. उद्रेकाच्या काळात सहा महिन्यांपुढच्या बाळांना जादा डोस देता येतो. तो नेहमीच्या हिशेबात धरत नाहीत, त्यामुळे पुढचे दोन्ही डोस वेळेवर द्यावेच लागतील.

ही लस जन्मतःच का देत नाहीत? आणि एकदा दिल्यावर पुन्हा कशाला? (सातारा)

आईची प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना निकामी करणारी रक्तातली प्रथिनं, नाळेतून बाळाच्या रक्तात आलेली असतात. लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. आईची प्रतिपिंडं त्याला लगेच निकामी करतात आणि बाळाचं शरीर काहीच शिकत नाही. हे संरक्षण काही महिन्यांत ओसरतं, म्हणून आपल्याकडे गोवर-रुबेला, म्हणजे एमआर लसीचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात.

नवव्या महिन्यात लस दिलेल्या १०० बाळांपैकी साधारण १५ बाळांमध्ये पुरेशी प्रतिकारशक्ती तयारच होत नाही. आपलं बाळ त्यांत आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. दुसरा डोस मुख्यतः त्यांच्यासाठी असतो. तो चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मिळतो.

केंद्रावर एक गोष्ट जरूर पाहा. ही लस भुकटीच्या रूपात येते आणि सिस्टर ती सोबतच्या द्रावणात कालवतात. कालवल्याची वेळ कुपीवर लिहिलेली असावी, आणि चार तासांनंतर उरलेली लस फेकून द्यायची असते. त्यात जंतुरोधक नसतो, त्यामुळे उघडलेल्या कुपीत जंतू वाढून बाळाच्या जिवावर बेतू शकतं. वेळ विचारायला अजिबात संकोचू नका.

मला लहानपणी गोवर येऊन गेला. आता साठी उलटली. नातवाकडून पुन्हा होईल का? (बेळगाव)

सहसा नाही. उत्तर अटलांटिक महासागरातल्या फॅरो बेटांवर १७८१नंतर थेट १८४६मध्ये गोवर आला आणि तिथले बहुसंख्य लोक आजारी पडले. पण ६५ वर्षांपूर्वी ज्यांना तो होऊन गेला होता, ते म्हातारे सुटले. डॅनिश डॉक्टर पानुम यांनी हे नोंदवून ठेवलं. आज आपल्याला माहीत आहे, की प्रतिपिंडं बनवणाऱ्या काही पेशी अस्थिमज्जेत कित्येक वर्षं टिकतात.

मुलाचा गोवर बरा झाला, पण तेव्हापासून दोनदा न्यूमोनिया आणि एकदा जुलाब झाले. असं का? (नांदेड)

गोवराची ही बाजू फार कमी लोकांना माहीत असते. शरीर एखाद्या जंतूशी लढलं की त्याची ओळख ठेवणाऱ्या स्मृतिपेशी मागे उरतात. पहिल्या भेटीत पुरेशी प्रतिपिंडं बनायला आठवडा-दोन आठवडे जातात, दुसऱ्या वेळी काही दिवस पुरतात. गोवराचा विषाणू नेमका याच पेशींमध्ये शिरतो आणि त्या मारल्या जातात. स्वतः गोवराविरुद्धची प्रतिकारशक्ती पक्की होते, पण इतर जंतूंची जमा झालेली ओळख पुसली जाते. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं गोवरापूर्वीचं आणि नंतरचं रक्त तपासलं, तेव्हा इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली आढळली. हा अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला.

हे नुकसान भरून यायला महिने, कधी वर्षंही लागतात. तोवर मुलाचं वजन दरमहा पाहा आणि आजारपण अंगावर काढू नका. बाकीच्या लसींचं कार्डही डॉक्टरांना दाखवा.

सासूबाई म्हणतात, औषध दिलं तर गोवर आत जिरतो. काय करावं? (बीड)

पुरळ कानामागून, चेहऱ्यावरून सुरू होऊन खाली पसरतो आणि त्याच क्रमाने मावळतो. औषधाने तो आत जात नाही. विषाणूवर थेट औषध नाही हे खरं, पण जीवनसत्त्व अ मिळालंच पाहिजे. लागोपाठ दोन दिवस एकेक डोस, वर्षावरच्या मुलाला प्रत्येकी दोन लाख युनिट, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एक लाख, त्याहून लहानाला ५० हजार. तो आरोग्य केंद्रातूनच घ्या, स्वतःच्या अंदाजाने देऊ नका. या जीवनसत्त्वाअभावी गोवरात बुबुळाला जखम होऊन दृष्टी जाते.

अंग कोमट पाण्याने पुसायला हरकत नाही. अंगावरचं दूध, वरण-भात, पेज थोडं थोडं पण वारंवार द्या. पथ्य म्हणून उपाशी ठेवू नका. बाळ शांत असताना पोटाची हालचाल पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, किंवा झटका आला, दूध ओढणं थांबलं, डोळा पांढुरका दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.