पिस्तुलाची फाइल हाती घेताना

प्रिय मित्रा,

शस्त्रखरेदी विभागात रुजू होतोयस, आनंद झाला. पिस्तुलाची फाइल वाट्याला आली म्हणून हिरमुसू नकोस. ती नेहमी ढिगाच्या तळाशी जाते, कारण पिस्तूल मोजक्यांच्याच कमरेला असतं. पण ते काढायची वेळ ज्याच्यावर येते, त्याच्या हातात बहुतेकदा दुसरं काही उरलेलं नसतं.

कॅनडाकडे बघ. दुसऱ्या महायुद्धात टोरांटोत बनलेली ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलं बदलायचा करार तिथे थेट २०२२ साली झाला. रचना उत्तमच होती, पण लोखंड थकतं. रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइडला (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाला) पुढे ढकलणारी स्प्रिंग, मऊ पडली की स्लाइड पुढे येताना केसभर मागेच अडकते, गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, नीट बसत नाही आणि चाप ओढूनही बार उडत नाही.

म्हणून झिजलेलं काय आणि कालबाह्य काय, हे आधी वेगळं कर. इराकमध्ये अमेरिकी सैनिकांची एम-९ पिस्तुलं अडकायची आणि बोल पिस्तुलाला लागायचा. बऱ्याचदा दोष मॅगझिनचा, म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीचा होता: लष्कराच्याच अटीनुसार दिलेल्या खरबरीत लेपाला बारीक वाळू चिकटून बसायची. कागदावरची एक अट अशी भोवते.

त्याच लष्कराने नव्या पिस्तुलासाठी २०१५ मध्ये काढलेलं मागणीपत्र साडेतीनशे पानांच्या वर गेलं. हे पिस्तूल आहे, चंद्रावर जायचं यान नव्हे, अशा अर्थाचं लष्करप्रमुख मार्क मिली वैतागून बोलले. वैताग रास्तच होता. तरी ती पानं निव्वळ आळसातून वाढत नाहीत. हरलेली कंपनी तक्रार करील या धास्तीने प्रत्येक जण एकेक कलम जोडत जातो. आणि तक्रार झालीच! जानेवारी २०१७ मध्ये करार सिग सावरला मिळाला, ग्लॉकने आव्हान दिलं, ते जूनमध्ये फेटाळलं गेलं.

घाईपायी चाचण्यांना मात्र कात्री लावू नकोस. तेच नवं पिस्तूल खाली पडल्यावर आपोआप उडू शकतं, हे चाचणीतच उघड झालं आणि चापाचे भाग बदलावे लागले. वेळ वाचवायचा तो अटींमध्ये. कुठला बिघाड टळतो हे जिच्याबद्दल सांगता येत नाही, ती अट खोडून टाक; वरिष्ठांनी घातलेली असली तरी.

पहिल्या आठवड्यात फाइल उघडूच नकोस. शस्त्रागारात जा, आर्मररकडून, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडून, दुरुस्तीची नोंदवही माग आणि कुठला सुटा भाग किती महिने आलेला नाही, ते स्वतःच्या हाताने उतरवून घे.

तुझा,
काका